ओळंबा आणि तवा

॥ श्री ॥
पातूर, ता. ५ मार्च १९३८

ती. अनसूयाआत्यास कमलाकांतचे कृ. सा. न. वि. वि.

पोचलो. तलावात किती गाळ साठला ते होडीतून दोर सोडून मोजतो आहे. कचेरीच्या बसक्या वजनाची कडी तुटलेली निघाली. तुम्ही पहिले काम आपल्या दादांच्या बांधकामाच्या ओळंब्यानेच कर म्हणाला होता, म्हणून दोराला तोच बांधला. खोली जवळजवळ तलाव बांधला तेव्हाइतकीच भरते. गाळ नाहीच म्हणायचा.

उतरलो आहे केशवरावांकडे. गाळ काढण्याची कंत्राटे तेच घेतात, होडीही त्यांचीच. ते मात्र म्हणतात, लई गाळ हाय बापू, पुन्यांदा मोजा. माणूस मोकळा आहे. त्यांची मुलगी शकुन मॅट्रिक झाली आहे. तिच्याविषयी तुमची परवानगी मागायची आहे. रागावू नये.

आपला,
कमलाकांत

अमरावती, ता. ९ मार्च

चि. कमलाकांत यास अ. आ.

रागावले नाही, सावध झाले. गाळ आहे म्हटले की ज्याला काम मिळते, त्याच्याच घरी तू गाळ मोजणारा जेवतोस, त्याच्याच होडीत बसतोस आणि वर त्याची मुलगी पसंत करतोस! तुला हे सगळे एकाच पंगतीत वाढले गेले, याचा संशय कसा आला नाही? लगेच डाकबंगल्यात राहायला जा. त्या घरचे पाणीसुद्धा घेऊ नकोस. आकड्यात बोटभरही वाढ करू नकोस. दादांनी त्या ओळंब्यावर अर्ध्या अमरावतीच्या भिंती सरळ उभ्या केल्या. तो कोणा कंत्राटदारासाठी खोटे बोलणार नाही. मुलीचा विषय इथेच संपला.

लोभ आहे, पण त्याला डोळे आहेत.
अनसूया

पातूर, ता. १४ मार्च

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

डाकबंगल्यात आलो. कारण विचारले तेव्हा तुमचे पत्र आठवून खरे तेच सांगून टाकले. केशवराव आधी हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, तुमचा ओळंबा टोकदार हाय, चिखलात घुसून राहिला, तुमाले वरून दिसत नाई. मीही आता शंकेखोर झालो आहे. होडीवाला पुंजाराम मला मुद्दाम खोल बाजूलाच नेतो का, असे वाटू लागले. पण जागा मीच दाखवतो. दोर ओला करून पुन्हा मापला, तोही बरोबर निघाला.

येत्या सोमवारी अहवालावर सही करायची आहे. मी गाळ नाही म्हटले की यंदा खोदाई नाही. केशवराव म्हणतात, मग जेठात गावच्या बाया वाटीवाटीनं चिखल उपसतील आन् तुमचं नाव घेतील. शकुन बांधावर दिसली. मला पाहून माघारी वळली.

मला झोप नाही. काय करू ते कळवावे.
कमलाकांत

अमरावती, ता. १७ मार्च

चि. कमलाकांत यास अ. आ.

सही करू नकोस. तारही केली आहे. पोचली नसेल म्हणून हे पत्र.

दादांच्या ओळंब्यावर बोट ठेवणाऱ्याला खोटे पाडायचे म्हणून मागच्या अंगणात नांद घेतली. शेतातली काळी माती आणवून पाण्यात कालवली आणि रात्रभर बसू दिली. सकाळी खलबत्त्याचा बत्ता दोरीला बांधून उभा सोडला. माती त्याला अडवील अशी माझी खात्री होती. तो सरळ तळाला गेला. पार्बताबाई भांडी घासता घासता म्हणाली, बाई, बत्ता कावून बुडवून राहिल्या? मी तिला गप्प बसवले. मग तेवढ्याच वजनाचे तागडीचे पारडे सोडले. ते गाळावर बसून राहिले.

ओळंबा भिंतीचा आहे, तलावाचा नाही. तो बांधायला मी सांगितले, हेही मला ठाऊक आहे. एखादा जुना तवा घे, त्यावर वजन बांध आणि सगळा तलाव पुन्हा मोज. येईल तेच लिही, कमीही नको आणि जास्तही नको. त्या गृहस्थाला आपण कंत्राट मिळवून देतो आहोत का, याचा विचार करू नकोस. तो माझ्याकडे राहू दे.

अनसूया

पातूर, ता. २५ मार्च

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

साहेबांकडून मुदत मागून घेतली आणि पुन्हा मोजले. ओळंबा जिथे सतरा फूट सांगत होता तिथे तवा दहाला टेकतो. केशवरावांच्या अंदाजापेक्षाही गाळ जास्त आहे. तसे लिहून सही केली. पावसाआधी खोदाई लागेल.

तवा कोणाचा, हे तुम्ही विचारणारच. शकुनने पुंजारामच्या हाती पाठवला. मी परत द्यायला गेलो तर केशवरावांनी ओसरीवरच घेतला. म्हणाले, ज्या घरच्या जेवनावर तुमी शक घेतला, त्या घरात पोरगी मांगाले येऊ नका. कंत्राटही ते भरणार नाहीत. म्हणाले, पुन्यांदा कोनी आमच्यावर बोलाले नको. त्यांच्याजवळच माणसे आणि बैल आहेत. दुसरे कोण वेळेत करणार, कळत नाही.

माझी चूक माझ्याजवळ. लोभ कमी करू नये.
कमलाकांत

अमरावती, ता. २९ मार्च

रा. रा. केशवराव यांस अनसूयेचा न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी मी आपल्याविषयी बरेच वाईट लिहिले आहे. भाच्याने ते मानले, कारण मी त्याला तसेच वाढवले. राग त्याच्यावर धरू नये. आपण खरे सांगत होता आणि त्यात आपला फायदाही होता. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे मला या वयात एका नांदेने शिकवले.

कंत्राट भरावे. तलावाने आपले काही बिघडवलेले नाही. आपला दर मला ऐकूनच जास्त वाटतो, ते समोरासमोर बोलू.

शनिवारी बडनेऱ्याहून गाडी धरते, अकोल्याहून मोटारीने दुपारपर्यंत आपल्या दारात येईन. मुलीचे मी लगेच काही मागणार नाही. भूक मात्र लागलेली असेल. पाट मांडलात तर लोभ आहे असे समजेन.

अनसूया