मावशी रस्ता ओलांडून आली

प्रिय आई,

हे पत्र वहिनी वाचून दाखवेल. तिला आधीच सांग, मधलं काही गाळायचं नाही. फोनवर तू "बरी आहे, ठेव आता" एवढंच म्हणतेस, म्हणून लिहायला बसलो. गावच्या शाळेत गिरवलेलं अक्षर अजून शाबूत आहे, तेवढं तरी वहिनीला दिसेल.

इकडे सगळे ठीक. गाद्या भरायचं काम भरपूर आहे. घरभर कापूस उडतो म्हणून तुझी सून अजून माझ्या नावाने ओरडते. सकाळी देवापुढे दिवा लावताना तुझ्या जागेवर तीच बसते, पण तुझ्यासारखं गुणगुणणं तिला जमत नाही.

आपला रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला तेव्हा आपण सगळेच खूश होतो. मग मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या जवळची वाट म्हणून आपल्या दारातून सुसाट जायला लागल्या. समोरच्या शिवणवाल्या मावशीकडे रोजच्यासारखी काजं करायला निघालीस आणि एका मोटारसायकलने तुला पाडलं. हाड जुळलं, डॉक्टर चालायला सांगतात, पण तू म्हणालीस की त्या रस्त्याचं तोंड बघायचं नाही, आणि दादाकडे गेलीस. मी कोणत्या तोंडाने थांब म्हणणार होतो? म्हटलं, आधी रस्ता, मग बोलणं.

वेगमर्यादेची पाटी लागली, तिला कोणी जुमानलं नाही. वेग मोजायचं यंत्र घेऊन वाहतूक पोलीस उभा असला की सगळे मवाळ, तो चहाला गेला की पुन्हा तेच. शेवटी आम्ही गल्लीवाल्यांनी उरलंसुरलं सिमेंट गोळा करून स्वतःच गतिरोधक घातला. रागाच्या भरात तो इतका उंच झाला की पहिल्याच सकाळी आपल्याच दूधवाल्याचे कॅन आडवे झाले आणि गल्लीतल्या मांजरांची चंगळ झाली. शाळेची व्हॅन वर चढली ती मधेच अडकून राहिली, पुढची चाकंही हवेत, मागचीही. आतली पोरं आनंदाने टाळ्या पिटत होती, आम्ही माना खाली घालून ढकलत होतो.

तो फोडायला पालिकेची इंजिनिअर आली, तुझ्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. म्हणाली, काका, हा गतिरोधक आहे की किल्ल्याची भिंत? पण नुसता फोडून गेली नाही. समोर मोकळा, सरळ रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो, म्हणून रस्ताच अरुंद आणि वाकडा करू, म्हणाली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झाडांचे मोठे वाफे. त्यावर कोपऱ्यावरचा दुकानदार उसळला. माझा टेम्पो काय डोक्यावर उभा करू? त्याच्या बाजूने बरेच जण होते. सभा मोडायच्या बेतात असताना मावशी उठली. तुला माहीत आहे, ती चारचौघांत कधी बोलत नाही. म्हणाली, माझी मैत्रीण समोरच्या दारात राहायची, ती आता परगावी राहते. रस्ता एवढा रुंद झालाय, आणि तुम्ही टेम्पोचं काय घेऊन बसलात? दुकानदार घसा खाकरून म्हणाला, टेम्पो मागच्या बाजूला लावतो.

आता ये आणि बघ. गाड्या वळणं घेत, नव्या सुनेसारख्या जपून येतात. आपल्या उंबऱ्यासमोरून मावशीच्या दारापर्यंतचा पट्टा पालिकेने फुटपाथइतका उंच केलाय. माणसाने खाली उतरायचं नाही, गाडीने वर चढायचं आणि हळू व्हायचं. दूधवाला त्याला राजरस्ता म्हणतो.

आणि काल दुपारी, मी दारात गादीला टाके घालत असताना, मावशी एकटी तिच्या घरातून निघाली. तू पडल्यापासून तिनेही तो रस्ता ओलांडला नव्हता, हे तुला कोणी सांगितलं नसेल. बरोबर मधोमध ती थांबली, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. समोर तोच टेम्पो येऊन थांबला होता. दुकानदाराने हॉर्नला हात लावला नाही. मी सुई खाली ठेवली आणि मनातल्या मनात देवाला हात जोडले. आई, इतकं जिंकल्यासारखं मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. मावशी आत आली, तुझ्या खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, मी आले, आता तिची पाळी. बिनकाजाच्या सदऱ्यांचा ढीग पडलाय म्हणावं, लिही तिला. म्हणून हे लिहिलं. रविवारी तुला न्यायला येतो. दादाशी बोललोय, तो हो म्हणाला. तू नाही म्हणालीस तर मावशीला घेऊन येईन, मग तिच्याशी तूच बोल.

तुझी वाट बघणारा,
तुझाच धाकटा