म्हसधोंडीवर व्हय म्हाराजा

७ ऑक्टो., मंगळ.
पहाटे सड्यावर, गावामागच्या कातळमाळावर. वर म्हशीसारखा काळा कातळ आहे ना, म्हसधोंड, तिच्या पाठीवर बसलो. लहानपणी गुरं घेऊन रोज यायचो, पण बघितलं कधीच नव्हतं! खाली सगळं धुकं, नुसती माडांची टोकं वर. मग ऊन आलं नि अर्जुना नदी दिसली, वळत वळत पार खाडीपर्यंत. पश्चिमेला समुद्राची रेघ. मागे सह्याद्री, कडा न् कडा सुटा. मस्कतला एसीचे पत्रे ठोकतो तिथून काय दिसतं? समोरची बिल्डिंग.
व्हिडिओ काढला, टाकला. आये म्हणते, "धोंडा बघायला कोण येतोय रे?"

८, बुध.
येतायत!! कोल्हापूरची डोंगर फिरणारी मंडळी. रविवारी. वाट मी दाखवणार, जेवण आयेचं. हे जमलं तर परत मस्कतला कशाला... तिकीट पुढच्या गुरुवारचं आहे. आयेला तेवढं बोललो. ती म्हणाली, "कुळथाची पिठी खातील काय ते?"

१०, शुक्र.
भाऊकाकांनी अडवलं. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. "वर देवाची जागा. त्याला सांगितल्याशिवाय परकी माणसं न्यायची नाहीत."
म्हटलं, मग घाला की गाऱ्हाणं.
"घालीन. पण चाकरमान्या, तू गेलास की त्यांना वर नेणार कोण? मी? ह्या गुडघ्यांनी?"
कोयता घेतला, वाटेवरची करवंदीची जाळी तोडत सुटलो. हात सोलले. मजा आली.

१२, रवि.
काय दिवस!! उजाडताना सगळे पायथ्याशी. मंडळींना शिकवलं, काका थांबले की जोरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.
"म्हाराजा, ही पावणी माणसं वर येतायत, पायाखाली इचूकाटा येऊ देऊ नको..."
"व्हय म्हाराजा!" कोल्हापूरकर असे ओरडले की झाडावरचे बगळे उडाले.
"जशी वर नेशील तशी सुखरूप खाली आण..."
"व्हय म्हाराजा!"
"आणि ह्या पोराला गावातच पोटाला लाव, परत परमुलखात जाऊ देऊ नको..."
"व्हय म्हाराजा!"
सगळ्यात मोठा आवाज माझा. सवय! काका थांबले की तोंडातून निघतंच. काय बोललो ते नंतर डोक्यात शिरलं. आये तोंडाला पदर लावून हसत होती. काका जसं काय झालंच नाही, नारळ फोडतायत.
वर गेल्यावर मंडळी बघतच राहिली. मग त्यातली एक ताई, "लई भारी रे भावा! दिवाळीनंतर आणखी माणसं आणतो. तू असशील न्हवं?"
नुसता हसलो. पिठी दोनदा मागून खाल्ली त्यांनी.

१३, सोम.
दुपारी मस्कतहून सुपरवायझरचा फोन. "गुरुवार को आ रहा है ना?" नि थांबला.
आयुष्यात पहिल्यांदा कोणी थांबलं नि माझ्या तोंडून व्हय निघालं नाही.
'नाही'सुद्धा निघालं नाही.