पाण्यावरची हाक

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

पोहोचली एकदाची! ऊर्जानगरवरून सकाळी सहाले निघाली, ते मूल, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली करत करत पेरमगुड्याले यायले चार वाजले. शेवटचे अकरा किलोमीटर जंगूभाऊच्या मोटरसायकलवर. कंबर राहिली का गेली, ते उद्या समजेल. पण जागा पाहून जीव हरखला बाप्पा. मागं डोंगर, समोर मोहाची झाडं, अन् अंगण असं सारवलेलं का भुईवरच जेवायले बसावं.

माझी खोली बांबूच्या तट्ट्याची, वरून मातीनं लिंपलेली. दारावर निळ्या रंगात ‘होम स्टे’ लिहिलं आहे, शेवटच्या अक्षराले रंग पुरला नाई वाटते. संडास नवा, फरशीचा. जंगूभाऊनं तो मले तीनदा दाखवला.

जंगूभाऊ चाळिशीचा, आश्रमशाळेत शिकलेला, मराठी चांगली बोलते. बायको बाळंतपणाले माहेरी गेली, म्हणून घरात तो अन् त्याची माय ठमाबाई, दोघंच. ठमाबाईच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण. तिले मराठी येत नाई, मले माडिया येत नाई, तरी आमी तासभर बोलत होतो. जेवणात भात, आंबाडीची भाजी अन् लाल मुंग्यांची चटणी. मी रोज पंचवीस जणांचे डबे करते, तिखटाले भ्यायची नाई, पण त्या चटणीनं डोळ्यातून पाणी काढलं. ठमाबाई पोट धरून हसली. मग मीही ठसक्यात अजून मागून घेतली.

हे सगळं रंजीताचं काम. नणंद असावी तर अशी. अहेरीले मास्तरीण आहे ती. म्हणे, वहिनी, चार दिवस गॅस बंद कर अन् जंगलात जाऊन बस, निकेशदादा गेल्यापासून तू श्वासच घेतला नाईस.

आता ‘गेल्यापासून’ म्हणायचं खरं, पण गेला का आहे, तेच तर माहीत नाई. दोन वर्षं चार महिने झाले. पेट्रोल भरून येतो म्हणे, अन् गाडी सापडली नागभीडच्या स्टेशनवर. माणूस नाई. देह मिळाला नाई म्हणून सासूबाई पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करू देत नाई, अन् पत्ता नाई म्हणून मी गळ्यात काळे मणी घालून कोणाची वाट पाहून राह्यली, तेही सांगता येत नाई. कोणत्याही फॉर्मवर ‘पती’ आला का मी रेघ मारते. एवढं एक समजलं पाह्यजे, आहे का नाई. मग मी रडीन, नाईतर त्याचे केस उपटीन.

जाऊ दे. सुट्टीवर आली आहे.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आज जे पाह्यलं ते नीट लिहून ठेवते.

ठमाबाईचा नवरा दसरू मागच्या उन्हाळ्यात वारला. त्याच्या नावाचा दगड गावाबाहेर उभा केलेला आहे, माझ्या छातीइतका उंच. आज दसरूच्या जीवाले घरी आणायचं होतं. जंगूभाऊनं आधी विचारलं का ताई, तुमाले चालेल ना. मी म्हटलं, चालेल म्हणजे का, मी येते. तो म्हणे, या, पण मागं बसा अन् तोंडातून शब्द काढू नोका.

नाल्याले एक खोल डोह आहे. पाणी हिरवं, थंडगार. ठमाबाई गुडघाभर पाण्यात उतरली, दोन्ही तळहात पाण्याखाली धरले अन् नवऱ्याले नावानं हाक मारली. तीन वेळा. जेवाले बोलवावं तशी, साध्या आवाजात. तिसऱ्या हाकेले बोटाएवढी मासोळी आली अन् तिच्या हातात थांबली. पकडली नाई हो तिनं, आपणहून थांबली. नव्या मडक्यात घेतली, सगळे एका रांगेत घरी आले, अन् मडकं मागच्या खोलीत ठेवलं, धानाच्या कोठीजवळ. घरच्या सगळ्या मेलेल्या माणसांची मडकी तिथीच आहे. मग जेवण, ढोल, हसणं. ठमाबाईचा चेहरा नवरीसारखा झाला होता.

मी मोहाच्या झाडाखाली जाऊन रडली. खोटं कायले बोलू, मले तिचा हेवा वाटला. तिचा नवरा कुठी आहे, हे तिले माहीत आहे.

तेव्हाच डोक्यात आलं. मी हाक मारून पाह्यली तर? मासोळी आली तर मेला, नाई आली तर जिवंत आहे. देवाधर्मावर माझा विश्वास नाई, बाबासाहेबांच्या घरची लेक आहे मी, पण डोळ्यांनी पाह्यलेलं खोटं कसं म्हणू? संध्याकाळी जंगूभाऊले विचारलं का बाहेरच्या माणसाले चालते का. त्यानं मायले विचारलं. ती एकच गोष्ट पुसत होती, मेलेलं अंग तू तुझ्या डोळ्यानं पाह्यलं का?

मी हो म्हटलं. पायाले हात लावला होता, असंही म्हटलं.

काऊन म्हटलं? नियम दिसला का मले त्याच्या बाजूची गल्ली दिसते, लहानपणापासूनची खोड. मले वाटलं, सरकारी फॉर्मसारखंच असेल, हो लिहायचं अन् पुढं जायचं. ठमाबाईनं माझे दोन्ही हात धरले. उद्या सकाळी जायचं ठरलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

सव्वादहाले पाण्यात उतरली. पाय बधिर झाले. पहिली हाक मारली, “निकेश.” काई नाई. दुसरी मारली. काई नाई. असा आनंद झाला मले, का सांगू! आहे, मेल्या, तू आहेस कुठीतरी! मी वळून ठमाबाईकडं पाह्यलं, तिनं मान हलवली, अजून एक. तिसरी हाक मी हसतच मारली.

ती आली. धारेच्या उलट आली. तळहातावर थांबली, गार.

मडकं आणलं नव्हतं, म्हणून टिफिनच्या डब्यात घेतली. घरी येईपर्यंत रडली नाई. आल्यावर काळे मणी काढून पिशवीत ठेवले, मग रडली. ठमाबाईनं डोक्याले तेल लावून दिलं. दुपारी झोपली, दोन वर्षांत अशी झोप नाई. दुःख आहे, पण मोकळं आहे. सासूबाईले कसं सांगू, तेवढंच राह्यलं.

फक्त एक. दसरूची मासोळी मडक्यात मस्त फिरते. माझी फिरत नाई. एकाच जागी राहून तोंड उघडते, मिटते. अन् डब्यातलं पाणी कोमट लागते. दोनदा बदललं, तरी तेच.

बुधवार, १४ फेब्रुवारी, दुपार

इथी नेटवर्क फक्त टेकडीवर येते. रंजीताले सांगायचं म्हणून जंगूभाऊसोबत सकाळी चढली. फोन लागताच रंजीता ओरडलीच, होती कुठी तू! निकेश सापडला. जिवंत. वारंगलकडं मिरचीच्या गोदामात हमाली करत होता. रविवारी रात्री आईले फोन करून रडला, म्हणे चुकलं माझं, येतो. काल सिरोंच्यावरून बसनं अहेरीले रंजीताकडं येऊन राह्यला होता. बसल्या बसल्या कोसळला. कपडे कोरडे, बसमध्ये पाण्याची बाटली नाई, अन् तोंडातून पाणी. दवाखान्यात आहे. छातीत पाणी भरलं, उपसलं तरी भरते. डॉक्टरले समजत नाई. शुद्ध नाई, नुसतं तोंड उघडते, मिटते.

किती वाजता कोसळला विचारलं. सव्वादहा.

जंगूभाऊले खरं सांगतलं. तो दगडावर बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणे, पाण्याले जिवंत का मेलेला समजत नाई, ताई. ज्याचं नाव घेतलं त्याले ते आणते. म्हणूनच तर माय पुसत होती.

बुधवार, संध्याकाळ

ठमाबाईनं शिव्या दिल्या नाई, माझ्याजवळ बसून रडली. मग जंगूभाऊच्या तोंडून सांगतलं. मासोळी मरायच्या आत परत द्यावी लागते. पण पाणी नुसतं परत घेत नाई. याच्या बदल्यात दुसरं नाव हाकारावं लागते, तीनदा. तिसरी हाक झाली का तो माणूस पाण्याचा. गावात असं कोणी केलं नाई, कोणी करू देणार नाई.

मी म्हटलं, नुसती सोडून पाहू. गेली डोहावर. सोडली. परत हातात आली. पुन्हा सोडली, परत आली. तिसऱ्यांदा ती एकटी आली नाई. खालून शंभरेक मासोळ्या वर आल्या अन् माझ्या पायाभोवती गोल उभ्या राह्यल्या. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. उघडते, मिटते. जंगूभाऊनं दंड धरून ओढलं. पळताना तो म्हणे, यांना कोणी घरी नेलं नाई, यांना वाटते तुमी आपल्याले न्यायले आल्या.

चप्पल तिथीच राह्यली. डबा तेवढा हातात, अन् त्यात परत आलेली मासोळी.

गुरुवार, १५ फेब्रुवारी, सकाळी आठ

मासोळी आडवी झाली. पाण्यातून वाफ येते. हात घालवत नाई.

जंगूभाऊ टेकडीवर जाऊन आला. रंजीता म्हणे, नाडी लागत नाई धड, सासूबाईले बोलावलं आहे.

माझ्या खोलीची भुई ओली आहे. काल सारवली होती, वाळली होती. दारातून खाटेपर्यंत ओली. पाणी कोणी सांडलं नाई.

कोणाचं नाव घेऊ? अंगणात बसून खरंच विचार केला, मायबाई. ज्यांचा राग येतो अशा माणसांची नावं आठवली. मग स्वतःचीच किळस आली. निकेशवर मी चिडलेलीच आहे, दोन वर्षं हमाली करत होता अन् एक फोन नाई. पण त्याले मारायले मी आली नव्हती.

साडेनऊ

सुचलं. माझंच नाव घेते. पण दोनच वेळा.

परवा पाण्यानं दोन हाकांवर काई नेलं नाई, तिसरीवर नेलं. दोन हाकांनी पाण्याले वाटलं का ही येऊन राह्यली, तर ते निकेशले सोडेल. तिसरी मी मारणारच नाई. बसेना का पाणी वाट पाहत.

जंगूभाऊ फोनसाठी पुन्हा टेकडीवर गेला. ठमाबाई नको नको म्हणते. पदर धरून सोबत येऊन राह्यली.

डोह. सव्वादहा असतील

काठावर बसून लिहून राह्यली. पाय पाण्यात. उठवत नाई, सुन्न झाले.

पहिली मारली, “रश्मी.” मासोळी डब्यात सरळ झाली.

डबा पाण्यात बुडवला. दुसरी मारली. गेली! खरंच गेली, खोल, शेपटी हलवत, परत आली नाई. पाणी शांत. मी गप. तोंडावर हात ठेवून बसली. ठमाबाईलेही खुणेनं सांगतलं, माझं नाव घेऊ नोको.

गोल आला पुन्हा. मासोळ्या. येऊ दे. मी गप आहे —

जंगूभाऊ टेकडीवरून पळत येऊन राह्यला. हसून राह्यला! दोन्ही हात वर. ओरडून सांगते का निकेश उठून बसला — छाती कोरडी — बोलून राह्यला —

जिंकली! जिंकली मी —

म्हणे डोळे उघडल्या उघडल्या पहिल्यांदा त्यानं — जोरात — सगळ्या वार्डाले ऐकू जाईल अशी हाक — माझ्या नावानं —

ठमाबाई काऊन अशी पाहून राह्यली

पाणी गुडघ्याले — एवढं नव्हतं

तिसरी मी नाई मारली, मी नाई, ती त्यानं