दहा वाक्यांचा कागद

अण्णा,

तुमची नात तीन आठवड्यांनी कोरियाला चालली आहे. तिथल्या एका प्रयोगशाळेत तिला दोन वर्षांचं काम मिळालं आहे. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, एसटी कुठपर्यंत जाते. सगळे हसले असते, तुम्हीही हसला असतात. मला आज हसायचं नाही. मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तिला तर तुमचा चेहराही आठवत नाही, तरी माझी ही चीड कमी झालेली नाही. ती एवढी असेल असं मलाही वाटलं नव्हतं. फ्रिजवर चार कागद लागले तेव्हा कळलं.

प्रवासासाठी आणि रोजच्या वापरासाठी शंभर वाक्यं, असं त्या कागदांवर लिहिलेलं आहे. तिने मोबाईलवर कोरियनची शिकवणी लावली आहे, तिथून मिळाले. एका बाजूला कोरियन अक्षरं, मधे तिने हाताने देवनागरीत लिहिलेले उच्चार, शेवटी मराठी. आन्न्योंग हासेयो, नमस्कार. खामसाहाम्निदा, धन्यवाद. च्वेसोंगहाम्निदा, माफ करा. मुल चुसेयो, पाणी द्या. ह्वाजांगशिल ओदियेयो, संडास कुठे आहे. दुपारी मी कॉलेजातून आले की तिची परीक्षा घेते. मी दुकानदार होते, बसचा ड्रायव्हर होते, प्रयोगशाळेतले साहेब होते. ती उत्तरं देते. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही, वाकावं लागतं. म्हणून नांदेडच्या स्वयंपाकघरात, फ्रिजसमोर, हात पोटाशी धरून ती कमरेतून वाकते. ती वाकली की मला तिची पाठ दिसत नाही. तुमची दिसते.

अहमदपूरच्या तहसील कचेरीतला तो व्हरांडा. तुमचं स्टूल, वर भिंतीला घंटी. मी नववीत आहे, तुमचा डबा घेऊन आले आहे. आत नवे साहेब, तुमच्या निम्म्या वयाचे. पंखा चालत नाही. पंखा तुम्ही बंद केलेला नाही, तो दुरुस्त करणं तुमचं काम नाही, आणि साहेब म्हणतात, "ए, झोपा काढतो का रे इथं?" तुम्ही वाकता आणि म्हणता, "चुकलं साहेब." मी दारात डबा धरून उभी. बाहेर आल्यावर तुम्ही डबा उघडलात, भाकरी मोडलीत आणि मला म्हणालात, "मोठी माणसं हायत. बोलत्यात." मी विचारलं, "तुमचं काय चुकलं?" तुम्ही म्हणालात, "जेवू दे."

दहावीनंतर मला लातूरला पाठवायचं ठरलं. तुमच्या कचेरीत सगळ्यांची पोरं लातूरला जात होती, आपल्यातली मी पहिली. आदल्या संध्याकाळी तुम्ही कचेरीतून एक जुना फॉर्म आणलात, एका बाजूने कोरा. चुलीपुढे मला बसवलंत आणि त्यावर टाकाने, सावकाश, दहा वाक्यं लिहिलीत. ती सगळी शुद्ध होती. आपण घरात हाव, न्हाई, लई असं बोलणारी माणसं, आणि त्या कागदावर मात्र "मी आत येऊ का?", "मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगावं", "मला थोडं पाणी मिळेल का?" सातवं होतं, "माझं काही चुकलं असल्यास क्षमा करावी." आणि पहिलं होतं, "नमस्कार बाई." आपल्या घरात आल्यागेल्याला जयभीम. कागदावर नमस्कार. मी ते बघितलं. तुम्ही मधे कधी रेक्टर होत होता, कधी कारकून होत होता. मी उत्तरं देत होते. आई भाकरी थापता थापता हसत होती.

"अवं, समदं मागायचंच शिकवून राहिलेत," ती म्हणाली. "अन् कोणी अंगावर आलं तर पोरीनं काय म्हणायचं? ते कवा शिकवणार?"

"ती काय भांडाया चालली?"

"म्या कुठं म्हणलं भांडाया. म्हणलं, एक तरी आपलं लिवा की त्यात."

तुम्ही टाकाची निब पुसलीत. सकाळी बसस्टँडवर मी खिडकीत बसले तेव्हा तुम्ही खालून हात पुढे करून कागद परत मागितलात, बाकड्यावर टेकवून बघितलात, पुन्हा घडी घालून दिलात. मग लातूरची बस निघाली.

वसतिगृहात खोलीत आम्ही आठ जणी होतो. पहिल्याच दिवशी रेक्टरबाईंनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या अंगाला आहे ते विचारलं. तुमच्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. मी खरं ते सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात एकीचं मनगटी घड्याळ सापडेना. बाई आल्या. आठ ट्रंका भिंतीला लावलेल्या होत्या. त्या थेट माझ्या ट्रंकेपाशी गेल्या. कपडे काढले, आईने दिलेलं लोणचं काढलं, वास घेतला, बाजूला ठेवलं. तळाशी तुमचा कागद होता. त्यांनी तो उघडला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. "मला थोडं पाणी मिळेल का? अगं बघा, ही पाठ करून आली आहे! कुणी लिहून दिलं गं?"

"वडिलांनी."

"काय करतात वडील?"

"तहसीलला असतात."

"तहसीलदार का?" मुली हसल्या.

"शिपाई."

त्यांनी दहाही वाक्यं वाचली. घड्याळ कुठे आहे असं मग त्यांनी मला विचारलं, आणि मी उभी राहून म्हणाले, "माझं काही चुकलं असल्यास क्षमा करावी." तेच वाक्य त्यांनी नुकतंच वाचलेलं होतं. मुली इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. घड्याळ दोन दिवसांनी न्हाणीघराच्या खिडकीत सापडलं. मला कुणी काही म्हणालं नाही. बाकीच्या सात ट्रंका कुणी उघडल्या नव्हत्या आणि ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. पुढची दोन वर्षं मेसमध्ये माझ्यासमोर ताट ठेवून कुणीतरी म्हणायचं, "मला थोडं पाणी मिळेल का?"

तुम्ही असं का केलंत? तुम्हाला माहीत होतं. त्या व्हरांड्यात बसून तुम्ही रोज ऐकत होता, कोण कुणाशी कसं बोलतं ते. माणसाला परक्या ठिकाणी काय ऐकून घ्यावं लागतं हे तुमच्याइतकं तालुक्यात कुणाला माहीत नव्हतं. आणि तुम्ही मुलीला दिलंत काय, तर मागायचं, समजून घ्यायचं आणि माफी. तुम्ही मला तुमचं स्टूल दिलंत. मी आज मुलांना भाषा शिकवते, भाषेबद्दल व्याख्यानं देते. अजूनही प्राचार्यांनी बोलावलं की माझ्या तोंडात पहिल्यांदा सातवं वाक्य येतं. ते मला गिळावं लागतं. या वयात.

म्हणून परवा मी फ्रिजवरचे कागद खाली काढले आणि तिला विचारलं, "शंभरात नाही म्हणायचं कुठाय?"

"आहे ना. आनियो."

"ते चहा नको म्हणायचं झालं. कुणी अंगावर ओरडलं तर काय म्हणायचं?"

"आई, हे फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे गं. मी काय भांडायला चाललेय का?"

"मीही भांडायला गेले नव्हते."

मग तिने शिकवणाऱ्या बाईंना मेसेज टाकला. उत्तर आलं, नको असेल तर हसून ख्वेन्छानायो म्हणावं. म्हणजे असू दे, माझं काही नाही. मी तिला म्हटलं, "यांना सांग, आमच्या घरात हे वाक्य येतं. दुसरं द्या." ती म्हणाली, "तू ना, आई," आणि पुन्हा विचारलं. मग मिळालं. हाजी मासेयो. असं करू नका. मी तिला उभं केलं आणि म्हण म्हटलं. ती म्हणाली आणि म्हणता म्हणता वाकली.

"वाकू नकोस!" मी ओरडले. शेजारच्या बाईंनी खिडकीतून बघितलं.

"अगं, सवय लागली. आणि तिकडे प्रोफेसरसुद्धा वाकतात, आई. सगळेच वाकतात."

सगळेच वाकत असतील तर मला काही म्हणायचं नाही. इथे सगळे वाकत नव्हते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तुम्ही गाय पान्हवताना ठेवायचात तसा, आणि पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी ती सरळ उभी राहून म्हणाली. आवाज बारीक होता, पण सरळ उभी होती. मग हात झटकून म्हणाली, "झालं समाधान? आता तू सांग. तू कधी म्हणालीस का असं कुणाला?"

"वेळच आली नाही," मी म्हणाले.

"बरं आहे," ती म्हणाली आणि तहान लागली म्हणून पाणी प्यायला वळली.

हे उत्तर मी आधी एकदा दिलेलं आहे. ते तुम्हाला दिलं होतं.

त्या कागदावर दहा वाक्यं होती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. नवऱ्याला, मुलीला, एका भाषणातसुद्धा सांगितलं. लोक हळहळले. दहा पुढच्या बाजूला होती. रेक्टरबाईंनी पुढचीच बाजू वाचली. मागे, छापील रकान्यांच्या वर, पेन्सिलीने अकरावं होतं. वाटेत चाकूर यायच्या आतच मी ते बसमध्ये वाचलं होतं. अक्षर वेडंवाकडं, बाकड्याच्या फटीवर कागद टेकवून लिहिलेलं. ते शुद्ध नव्हतं. त्यासाठीचं शुद्ध वाक्य तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलं नसणार. "कोणी नाहक बोलू लागलं तर खाली बघू नको. म्हण, असं बोलायचं काम न्हाई." ट्रंक उघडी पडली होती, बाई वाचत होत्या, कागदाची पाठ माझ्याकडे होती आणि ती पेन्सिल मला दिसत होती. मी सातवं निवडलं. आठवडाभरात तो कागद फाडून टाकला.

दिवाळीला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "वाक्यं कामाला आली का गं?" मी म्हटलं, आली. मग आई आत गेल्यावर हळूच विचारलंत, "अन् मागचं?"

मी म्हटलं, "त्याची वेळच आली नाही, अण्णा."

"लई बरं झालं," तुम्ही म्हणालात. तुमचा चेहरा असा सैल झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

हे मी त्याच शंभर वाक्यांच्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर लिहिते आहे. ती आत शिकवणीला बसली आहे, तिचा आवाज इथवर येतो. तास संपला की कागद परत फ्रिजवर लावीन, वाक्यं बाहेर, हे आतल्या बाजूला. जाताना ती ते काढून घेईल की नाही, मला माहीत नाही.

वेळ आली होती, अण्णा. मी खाली बघत होते.