पालथी वाटी

३ जानेवारी

आमच्या वॉर्डाच्या पार्षदाचं नाव आठवेना! अकरा वर्षं दर रविवारच्या सदरात ज्याची सालटी काढली, त्याचं. शेवटी ‘एक लोकप्रतिनिधी’ असं घालून वेळ मारून नेली. वाचून त्याला वाटेल, मी सुधारलो.

मला एक्कावन्न पूर्ण. दगाआजोबांनी हॉटेल सोडलं तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. इतवारा मोहल्ल्यातल्या हॉटेलात वेटर — चौदा टेबलांच्या ऑर्डरी डोक्यात, हातात कागद नाही! घरचे सांगतात, मालकाशी भांडून ताठ मानेनं निघाले. कशावरून भांडले, ते मात्र कोणी सांगत नाही. आमच्याकडे एवढी चांगली भांडणं कोणी वाया घालवत नाही.

शोधायचं. बायकोला, अलकाला सांगितलं, सदरासाठी आहे. खरं कारण या पानालाच माहीत.

५ जानेवारी

सकाळची बीपीची गोळी घेतली का? ओट्यावर गोळ्यांच्या डबीशेजारी एक वाटी पालथी पडलेली. अलकाचं आवरणं हे असं, अर्ध्यावर.

९ जानेवारी

दापोऱ्याला धुरपदाआत्याकडे गेलो. आजोबांची थोरली लेक. भांडणाचं विचारलं तर हसली. “भांडन? तो? शिव्या देनाऱ्यालेबी पानी आनून द्यायचा!”

मग हसू थांबलं. “आजारी होता रे. केळीच्या मळ्यात जायचा, एकेका झाडापुढं उभा राहायचा. ‘काय आणू साहेब?’ मी मागं मागं फिरायची, तर मलेबी विचारे — ‘बाई, तुम्हाले काय आणू?’ मले! सोताच्या पोरीले!”

इतकी वर्षं का लपवलं? “तुह्या बापानं शपथ घातली व्हती. घरात वेड हाये म्हटलं, तर तुम्हाले पोरी कोन देनार?”

म्हणजे अलका मला फसवून दिली गेली. लग्नात हुंडा नव्हता घेतला म्हणून मी आजवर मिरवतोय!

येताना रस्ताभर दोन्ही बाजूंनी केळी. ऑटोत खाली मान घालून बसलो.

१० जानेवारी

पार्षदाचं नाव आठवलं — आंघोळ करताना! टॉवेल गुंडाळून टेबलाशी येईस्तोवर गेलं.

१४ जानेवारी

आजोबांबरोबर वेटर असलेले कडूकाका राजपुऱ्यात असतात, असं आत्या म्हणाली होती. गेलो. बोळात कुणाला घर विचारावंही लागलं नाही. काका ऐंशीच्या पार. दारातच म्हणाले, “आला का परत?”

परत! जन्मात पहिल्यांदा भेटतोय. म्हातारा भ्रमलाय, आणि याच्या भरवशावर माझा शोध.

आजोबांचं मात्र लख्ख आठवत होतं. “पयले दगाभाऊ सगळं डोक्यात ठेवायचा. मंग शेवटी शेवटी वाट्या पालथ्या घालाले लागला. ज्या टेबलाले दिलं, तिथं वाटी पालथी. गिऱ्हाइकाले वाटे, काही जादूटोना, टोटका हाये! एक दिवस पाहतो तं चौदाही टेबलांवर वाट्या पालथ्या, अन् एकाच्याबी पुढं चहा नाही.”

मालक भांडला का?

“भांडतो कशाले? हात धरून सोता दापोऱ्याले सोडून आला.”

निघताना हातावर तिळगूळ ठेवला. “खाऊन जाय. मांगच्या टायमाले पानीबी न पिता पळाला.”

हो हो म्हणालो. भ्रमिष्टाशी काय वाद घालायचा!

१५ जानेवारी

इंदूरला डॉक्टरकडून डोकं तपासून घ्यावं का? एकदा कळलं की विसरता येणार नाही. किंवा येईल! हा विनोद छापता येत नाही.

अलकाला अजून काही सांगितलेलं नाही. तिला संशयही नाही.

१६ जानेवारी

सकाळी डबीशेजारी पुन्हा वाटी पालथी. मग अलकाला विचारलं.

“तुम्ही गोळी घेतली की ठेवते. दोनदा घ्यायला नको.”

हे तुला कोणी शिकवलं?

ती गॅसकडेच तोंड करून म्हणाली, “तुम्हीच. दसऱ्याला कडूकाकांकडून आलात ना, तेव्हा.”

गेल्या वर्षीची रोजनिशी कपाटात आहे. दसऱ्याचं पान तूच वाच, म्हणत कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली.