मावशीच्या बोटांबद्दल

बाबा,

१. सोमवारी अकोल्याच्या व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठी आपल्या वखारीत उतरल्या.
२. आपल्या मंडळीतल्या आंधळ्या मावशीने तिसऱ्या गाठीत कोपरापर्यंत हात घातला आणि आतून ओली असल्याचं सांगितलं.
३. गाठ फोडली. वजन वाढावं म्हणून मध्ये पाणी मारलेलं होतं.
४. व्यापारी आपल्या चर्चच्या पाळकांकडे गेला. म्हणाला, "आंधळ्या बाईला राबवता, हा तुमचा धर्म?"
५. पाळकांनी मंडळीची जुनी वही काढली. त्यात, तुम्ही मंडळीचा कारभार पाहत होता तेव्हाचं, तुमच्या अक्षरात लिहिलंय: आंधळ्या-पांगळ्यांना कामाला लावू नये, रविवारी धान्य द्यावं.
६. मावशीचं काम बंद. या रविवारी बैठक आहे. तिथे ते कायमचं ठरेल.

तिच्या भावाने तिला दिवसभर जात्याला जुंपलं होतं, म्हणून तुम्ही ते लिहिलंत, हे मला माहीत आहे. पण राबवणं वेगळं आणि काम देणं वेगळं, एवढी एक ओळ आणखी लिहायला काय हरकत होती? देवाने आदामाला बागेची मशागत सोपवली ती पाप घडण्याआधी, म्हणजे काम ही शिक्षा नव्हे, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग मावशीच्या वेळी ते कुठे गेलं?

तो दिवस आठवा: मी दहा वर्षांची आहे. तुम्ही अंगठा आणि बोट यांच्यात कापसाचा तंतू ओढून तो पितळी पट्टीवर मोजायला शिकवताय. दाराशी धान्यासाठी बसलेल्या मावशीच्या हातात मी चिमूटभर कापूस देते. ती तो ओढते आणि म्हणते, "आखूड हाये. वरून चांगला दाखवला." तुम्ही पट्टी लावता. तंतू आखूडच असतो. आणि तुम्ही मलाच रागावता, "आंधळ्या माणसाला कामाला लावतेस? लाज नाही वाटत?" मग तिच्या पदरात दोन मुठी ज्वारी जास्त घालता. तिचं तोंड उतरलेलं तुम्हाला दिसलं नाही. मला दिसलं.

तुम्ही देवाघरी गेल्यावर वखारीची पारख माझ्याकडे आली. अमेरिकेतल्या लढाईमुळे इथल्या कापसाला मागणी वाढली, गाठी आवरेनात, तेव्हा मी तिला शेजारी बसवलं. काल ती म्हणाली, "पोरी, त्या व्यापाऱ्याले तं दोन डोये हायेत, मंग गाठ वली कशी आली? मले काहून बसवून ठेवून राहिले? देवाचं नाव घे म्हन्ते. ते तं मी कापूस पायताना बी घेते."

पाळकांसमोर मी ती वही मिटून परत दिली. अक्षर तुमचं होतं.

तेव्हा शनिवारपर्यंत उत्तर द्या. न आलं, तर रविवारी ती ओळ मी सर्वांसमोर खोडणार आहे. मग ते विचारतील, तिची पारख चांगली कशावरून? आणि मला सांगावं लागेल, की तीन हंगाम गाठींवर माझ्या नावाने जो शेरा पडतो, तो निम्म्या वेळा तिच्या बोटांचा असतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिलासुद्धा.