अंगणाचा उतार

२ मार्च
आज सासऱ्यांची गाडी शेडमधून बाहेर काढली. ढकलायला शेजारचे चार जण. हे नवरदेवासारखे बाजूला उभे राहून सूचना देत होते. चाकं काढून ती आता अंगणात विटांच्या थप्प्यांवर उभी. माझी तूर वाळवायची जागा गेली. पण कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाल्यापासून ह्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं, म्हणून मीही गप्प. चालवायची नाही, फक्त नवी करून उभी ठेवायची, असं कबूल करून घेतलंय.

४ मार्च
डेंटिंगवाल्या शंकरभाऊचा फोन. हे स्पीकर लावूनच बोलतात, सगळ्या आळीला कळतं. तो म्हणाला, आधी बॉडी सरळ आहे का बघा. चारही कोपरे एका लेव्हलला पाहिजेत, दारं नीट लागली पाहिजेत. साचाच मुरगळला असेल तर पत्रा न् रंग सगळं पाण्यात, मी हात लावणार नाही.
"आपण मोजू," हे म्हणाले. आपण म्हणजे लेव्हल बघायच्या नळीचं दुसरं टोक धरायला मी.

५ मार्च
दूधवाल्याने सांगितलं, "काकू, रामनवमीले काका तुमाले गाडीनं आंजीले नेऊन राह्यले म्हन्ते."
हातातलं दुधाचं पातेलं खालीच ठेवलं. म्हणजे मला एक, गावाला एक. दिवाळीनंतर त्याच आंजीच्या रस्त्यावर भोवळ आली, स्कूटरसकट नालीत पडले. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, आता कुठलंच वाहन नको. त्या दिवशी घरी आणलं तेव्हा ह्यांच्या कानात चिखल होता. तो मी काढला. हे विसरले, मी नाही.
विचारलं नाही. विचारून काय, म्हणतील तो बाता मारतो.

८ मार्च
मोजलं. गवंड्याची पाण्याची नळी, एक टोक मी धरलं, एक ह्यांनी. तीन कोपरे बरोबर, मागचा डावा दीड बोट खाली. त्या बाजूचं दार वर घासतं, खाली फट. पुन्हा मोजलं, तेच.
"मुरगळली," म्हणाले. नळीतलं पाणी तुळशीत ओतलं न् आत गेले.
मागचा डावा म्हणजे नालीकडचा कोपरा. हे अंगण सिमेंटचं केलं तेव्हा सीझन होता, हे हिंगणघाटला जिनिंगच्या वजनकाट्यावर. गवंड्याला मीच म्हटलं होतं, तो कोपरा खोलगट घे, धुतलेलं पाणी थांबायला नको. थप्प्या चारही सारख्या विटांच्या, जमीनच सारखी नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं खरोखर अंगणच वाकडं. अंगण धुणाऱ्यालाच ते माहीत, आणि ह्यांनी कधी खराटा धरला नाही.
सांगायला किती वेळ लागला असता? सांगितलं नाही.

१० मार्च
भंगारवाल्याला बोलावलंय, रविवारी येतो. हे अर्धीच पोळी खातात. पाने न् पक्कड तेल लावून गोणपाटात बांधून ठेवलं.
माधुरीचा नागपूरहून फोन. "बरंच झालं नं आई. चालवायचा विषयच मिटला."
माझ्याच मनातलं ती बोलली, आणि तिचाच राग आला. लेक आपली असून.

१२ मार्च
भिंतीकडे तोंड करून पडून असतात. टीव्ही नको, पेपर नको. भोवळीनंतर दवाखान्यात पडले होते, अगदी तसेच.
मी माणूस वाचवून राहिले की...

१४ मार्च
उद्या भंगारवाला. आज अंगण धुवायचा वार नव्हता, तरी धुतलं. हे ओट्यावर चहा घेत होते. पुढच्या थप्पीजवळ बादली उपडी केली. पाणी गाडीखालून सरळ मागच्या डाव्या थप्पीकडे गेलं, तिथं जरा साचलं, मग नालीत.
ह्यांनी कप खाली ठेवला. दुसरी बादली मी मुद्दाम हळू ओतली.
"तुले मालूम होतं?"
"हो."
"मंग सांगतलं काऊन नाई?"
"तुम्ही चालवान म्हणून. मले भेव वाटते तुमच्या जिवाचं."
चहा तसाच थंड झाला.

१५ मार्च
भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवलं. त्या थप्पीखाली फरशीचे तुकडे सरकवून नळी लावली. दुसरं टोक मी धरलं, ह्यांनी धर म्हटलं नव्हतं. चारही कोपरे सारखे. दार एका बोटाने लागलं.
एरवी आळी डोक्यावर घेतली असती. आज नुसती नळी गुंडाळली. जेवताना भाजीला मीठ कमी होतं, तेही बोलले नाहीत. माझ्यावर रागावलेत, का स्वतःवर, कळत नाही. मी बोलून बसले त्याची लाज नाही वाटत, पण रडू येतं.

१७ मार्च
शंकरभाऊ सोमवारपासून कामाला लागतो. रामनवमीचं नाव कोणी काढत नाही.
सकाळी बघते तर हे गाडीत बसलेले. डावीकडच्या सीटवर. स्टीअरिंगसमोरची सीट फडक्यानं पुसून ठेवलेली, त्या बाजूचं दार उघडं. मला साधी सायकल येत नाही, हे ह्यांना माहीत आहे. मला हाक मारली नाही.
कणीक भिजवलेली आहे. तव्यावरची पोळी उतरवते न् जाते.